पुठ्ठ्याखालची डावी कडा

मी तसबीर बोलतेय, आणि आज जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे. साठ वर्षं एका खिळ्याला लटकून गप्प राहिले, तेवढं पुरे झालं.

जुन्नरच्या एका जुन्या वाचनालयात मी राहते. आत शिरलात की समोर वर्तमानपत्रांचं लांब टेबल, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर मी. वाचनालय उघडलं त्या दिवशीचा, १९६४ सालचा फोटो. पायऱ्यांवर अकरा माणसं, मधोमध खुर्चीत पहिले अध्यक्ष, कौलांच्या वर शिवनेरीचा कडा आणि उजव्या टोकाला भिंतीला टेकवलेली एक सायकल. सगळे मला एवढीच ओळखतात. पण मी एवढीच नाही.

त्या दिवशी नारायणगावाहून फोटोवाला आला होता. काळ्या फडक्यात डोकं खुपसून तो ओरडला, "हलू नका!" तेव्हा त्याच्यासमोर अकरा नव्हे, तेरा जणं होती. डाव्या टोकाला गेणभाऊ बाइंडर आणि त्याची सात वर्षांची मुलगी जानका. तिनं छातीशी एक पुस्तक धरलं होतं, आणि हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा रोखला होता.

गेणभाऊ छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला. पुण्याच्या एका छापखान्यात बाइंडिंग शिकून गावी परतलेला. वाचनालयाला देणगीत चारशे पुस्तकं मिळाली होती, पण निम्म्यांची पानं मोकळी, निम्म्यांना पुठ्ठाच नाही. हा माणूस चार महिने ओट्यावर बसला. त्यानं एकेक पुस्तक शिवलं, चिकटवलं, दाबून वाळवलं. चिकटवायची खळ तो स्वतः शिजवायचा आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा. "वाळवी शिवायची न्हाई," म्हणायचा. खरंच शिवली नाही. आजही कपाटात जी जुनी पुस्तकं धड आहेत, ती त्याच्या हातची.

मजुरी घेतली नाही त्यानं. मागितलं एवढंच, "माझी पोरगी हितं बसून वाचंल. तिला कुणी उठवायचं न्हाई."

फोटो धुऊन आला तेव्हा मला जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं तेही गेणभाऊनंच, त्याच खळीनं. मग मला पालथी घालून त्यानं मागे शिसपेन्सिलीनं तेराच्या तेरा नावं लिहिली. सगळ्यात शेवटी लिहिलं, "गेणू बाइंडर व मुलगी जानका."

पुढचं ऐका. चिटणीस मला घेऊन बाजारात फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेमवाला म्हणाला, "साहेब, फोटो रुंद आहे, चौकटीत बसंल, पण आतल्या पुठ्ठ्याची खिडकी अपुरी पडतीय. नवी मोठी कापू, का एका बाजूनं पुठ्ठ्याखाली झाकू? डावीकडं ही दोन माणसं जातील, न्हाईतर उजवीकडं सायकल जाईल."

चिटणिसांनी फार विचार केला नाही.

"सायकल राहू दे. अध्यक्षांची आहे."

असं झालं. सायकल राहिली आणि माणसं झाकली गेली. दीड इंच पुठ्ठा लागला, बस्स. वर काच चढली, मागे खिळे ठोकले. चिटणीस काही दुष्ट नव्हते हो. घरी जाऊन जेवले असतील, शांत झोपले असतील. मला राग येतो तो याचाच.

गेणभाऊनं मला भिंतीवर पाहिलं तेव्हा तो टेबलाजवळ बराच वेळ उभा राहिला. मग जवळ येऊन काचेवरून, त्या पुठ्ठ्याच्या जागी, एकदा बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर येऊन पुस्तकं शिवायला बसला. मुलीला मात्र त्यानं आत, माझ्यासमोर कधी आणलं नाही; ती बाहेर ओट्यावरच त्याच्याजवळ बसून वाचायची. घरी तिला एवढंच सांगितलं, "तू हायेस त्या फोटोत."

तरी एक गोष्ट पुठ्ठ्याला झाकता आली नाही. जानकाच्या पुस्तकाचा एक पांढरा कोपरा कडेबाहेर डोकावत राहिला. त्यावरून या वाचनालयात किती वाद झाले, काय सांगू! एक म्हणे, ते उपरण्याचं टोक. दुसरा म्हणे, दारावरच्या पाटीचा कोपरा. तिसऱ्यानं तर तो फोटोवाल्याचा दोष ठरवून टाकला. चौकट उघडून बघावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाद घालण्यात जी मजा आहे ती बघण्यात कुठून येणार?

इथे एक रीत पडली होती. माझ्यातलं एखादं माणूस वारलं की वर्धापनदिनाला काच पुसायची आणि त्याच्या कपाळाच्या जागी गंधाचं बोट लावायचं. दरसाली आधीच्या सगळ्यांना आणि एखाद्या नव्या माणसाला. असं करत करत अकराही जणांना गंध लागलं. मग माझ्याखाली पट्टी आली, "फोटोतील सर्व व्यक्ती आता हयात नाहीत."

सर्व! कुणी मोजलं? कुणाला विचारलं?

जानका होती की हयात. लग्न होऊन राजुरीला गेली होती. शेती बघायची आणि येईल-जाईल त्याला सांगायची, "जुन्नरच्या वाचनालयात माझा फोटो हाय." लोक हसायचे. एकदा, शहाऐंशी साली, ती आपल्या सात वर्षांच्या मुलीला, कल्याणीला, घेऊन थेट माझ्यासमोर आली. माझा जीव नुसता काचेला धडका देत होता.

"आई, तू कुठंय?" कल्याणीनं विचारलं.

जानकाबाईनं डावीकडून उजवीकडं बघितलं. पुन्हा उजवीकडून डावीकडं. टाचा उंचावून बघितलं.

"हितंच व्हते की मी. बाबांच्या शेजारी."

"आजोबा तरी कुठंयत?"

टेबलापाशी पेपर वाचणारा एकजण हसला. "बाई, हा थोरामोठ्यांचा फोटो हाय. दुसरा असंल तुमचा."

मला तोंड असतं तर मी त्या माणसाला तिथंच सुनावलं असतं! जानकाबाईनं पोरीचा हात धरला आणि ती निघून गेली. त्यानंतरही तिनं बोलणं सोडलं नाही, पण ऐकणारी माणसं संपली. कल्याणीसुद्धा मोठी झाल्यावर म्हणायला लागली, "आईचं आपलं काहीतरी असतं." स्वतःच्या घरात खोटी ठरली ती, आणि खोटी ठरवणारी होते मी.

गेल्या वर्षी वाचनालयाला साठ वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं. आताचे अध्यक्ष रामनाथ म्हणजे पहिल्या अध्यक्षांचेच चिरंजीव. वय शहात्तर. भाषणाला उभे राहिले की शिवनेरीपासून नाणेघाटापर्यंत सगळा इतिहास तोंडपाठ. आणि याच माणसानं वाचनालयाची पहिली वीस वर्षांची रजिस्टरं जागा अडते म्हणून रद्दीत घातली! त्या पानांत लोकांनी भेळ खाल्ली. इतिहासाचा अभिमान असा असतो बघा, भाषणापुरता.

फोटो कॉम्प्युटरवर उतरवायला कॉलेजची एक मुलगी आली. तेजस्विनी, कल्याणीची लेक, जानकाबाईची नात. तिनं मला खिळ्यावरून उतरवलं, फुंकर मारली आणि म्हणाली, "काच चमकतेय. चौकट उघडावी लागेल."

"उघडायची न्हाई," रामनाथ म्हणाले. "साठ वर्षं कुणी हात लावला नाही."

"म्हणूनच उघडायला पाहिजे, आजोबा."

"काच फुटली तर?"

"नवी बसवू. माणसं तर बसवायची नाहीत ना नवी?"

रामनाथ चहाला गेले आणि तेवढ्यात तिनं पक्कड घेऊन मागचे खिळे उपटले. पुठ्ठा निघाला. साठ वर्षांनी माझ्या डाव्या अंगाला वारा लागला.

बाकीचा फोटो उजेडानं पिवळा पडला होता. अध्यक्षांचा चेहरा धूसर झालेला, सायकलीच्या आऱ्या तर दिसतही नव्हत्या. पण पुठ्ठ्याखालची दोन माणसं काल काढल्यासारखी ठळक होती. गेणभाऊच्या शर्टाची तुटकी गुंडी दिसत होती. आणि छातीशी पुस्तक धरलेली, श्वास रोखलेली एक मुलगी.

तेजस्विनीनं मला पालथी केली. नावं वाचली. मग तिथंच फरशीवर बसून तिनं फोन लावला. "आजी? आजी, तू आहेस गं. तू आहेस फोटोत."

पलीकडून जानकाबाई म्हणाली, "मंग मी काय सांगत व्हते येवढी वर्सं?"

आता कुणालाही वाटेल की वाचनालयात सगळे खजील झाले असतील. छे! रामनाथ चहा पिऊन आले, त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "जुन्या लोकांनी विचार करूनच झाकलं असेल. आणि स्मरणिका तर छापून आली."

तेजस्विनीनं गठ्ठ्यातली एक प्रत उघडली. मी तिथे होते, झाकलेलीच, कारण तिची वाट न बघता त्यांनी मोबाईलवर काढलेला माझा फोटो आधीच छापायला देऊन टाकला होता. खाली अकरा नावं आणि शेवटी, "उजवीकडे अध्यक्षांची सायकल."

"सायकलीची ओळख छापलीय आजोबा. पुस्तकं शिवणाऱ्या माणसाची नाही."

"पुढच्या वेळी बघू, पोरी."

"पुढची वेळ म्हणजे कधी? शंभराव्या वर्षी? माझी आजी तोवर थांबणार नाही, आणि तुम्हीही नाही."

असं वडीलधाऱ्यांशी बोलतात का, असं टेबलाभोवतीचे चौघे-पाचजण म्हणाले. माझं म्हणणं, असंच बोलायला हवं. गोड बोलून साठ वर्षांत एक पुठ्ठा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी जानकाबाई स्वतः आली, हातात झाकणाचा डबा. डब्यात खळ होती, घरी शिजवलेली, मोरचूद घातलेली. तेजस्विनीनं माझ्या डाव्या कडेच्या पट्ट्या छापून आणल्या होत्या, दोन माणसांच्या, खाली नावांसह. मग आजी, लेक आणि नात, तिघी ओट्यावर बसल्या, जिथं गेणभाऊ बसायचा तिथंच, आणि एकेका स्मरणिकेत माझ्या फोटोशेजारी ती पट्टी डकवत गेल्या. कल्याणीनं पहिलीच पट्टी तिरकी लावली.

"सरळ लाव गं," जानकाबाई म्हणाली, "न्हाईतर पुन्हा कुनीतरी म्हनंल, बाई तिरकं बोलती."

कल्याणी हसली नाही. तिनं पट्टी काढून सरळ लावली, आणि खाली मान घालून म्हणाली, "आई, शहाऐंशी साली मी उगंच विचारलं बघ तुला." जानकाबाईनं तिच्यापुढं पुढची प्रत सरकवली.

रामनाथ दारात उभं राहून बघत होते. मग एक खुर्ची ओढून बसले आणि डकवलेल्या प्रती वाळायला पसरू लागले. त्यांना मी माफ केलेलं नाही, पण पसरत होते ते नीट, हे सांगायला हवं.

वर्धापनदिनाला मी नव्या, रुंद चौकटीत होते. रामनाथांनी काच पुसली, गंधाची वाटी घेतली आणि सवयीनं एकेकाला बोट लावत निघाले. वडिलांना लावलं, बाकीच्या दहांना लावलं, आणि हात डावीकडे, गेणभाऊकडे वळला.

"थांबा," जानकाबाई म्हणाली. "आमच्यात गंध लावत न्हाईत. बाबांना फूल ठेवा."

रामनाथांनी चौकटीच्या कडेवर एक पांढरं फूल ठेवलं. पण इतक्या वर्षांची सवय! गंधाचं बोट तसंच पुढं सरकलं, थेट त्या छोट्या मुलीच्या कपाळाकडे.

"ओ रामनाथभाऊ!" मागून आवाज आला. "मी हाय की अजून हितं! जित्या माणसाला लावताय व्हय?"

सगळं वाचनालय हसलं. रामनाथांनी बोट धोतराला पुसलं. आणि जानकाबाई टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आली, मोठ्या आवाजात हसणाऱ्या त्या लोकांकडे पाठ करून, आणि या वेळी तिला टाचा उंचावाव्या लागल्या नाहीत.

माझी एकच मागणी आहे. तुमच्या शाळेत, चावडीत, पतपेढीत, देवळाच्या सभामंडपात माझ्यासारख्या तसबिरी असतील. त्यांना हार घालू नका, गंधही नको. एक पक्कड घ्या आणि मागचे खिळे काढून बघा. कुठल्यातरी पुठ्ठ्याखाली कुणीतरी अजून श्वास रोखून उभं असेल.