भिंतीकडे तोंड

मित्रांनो, मी एक जुने लाकडी डोके आहे. हसू नका. डोक्यात काही नाही म्हणून तुम्हाला बोलणी बसतात. माझे मात्र त्यावरच पोट चालले.

लंडनमधल्या सोहोच्या एका गल्लीत, नाटक-सिनेमावाल्यांसाठी केसांचे टोप करणाऱ्या दुकानात मी राहतो. इथल्या फळीवर आम्ही ओळीने बसतो. प्रत्येक नटाच्या मापाचे एक डोके, मानेवर त्याचे नाव. माझ्या मानेवर कोरले आहे, लायोनेल फेनवर्थ.

दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास मला घडवले. फेनवर्थ तेव्हा पडद्यावर आरमाराचे कप्तान व्हायचे. बुडत्या जहाजावर ताठ उभे राहून चहा मागावा तर त्यांनीच! त्यांच्या कुरळ्या केसांवर बायका जीव टाकत. ते केस आमच्या दुकानातली टोप विणणारी विनी माझ्या डोक्यावर बसवलेल्या जाळीत एकेक करून गुंफायची, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हते.

मापाला आले की ते आपली भिजलेली हॅट माझ्यावर अडकवत आणि म्हणत, "सांभाळ रे बाबा. तुझ्या जिवावर कप्तान झालोय."

"आणि माझ्या?" विनी तोंडातल्या टाचण्या न काढताच विचारायची.

"तुझ्या जिवावर तर लग्नं झाली माझी. दोन्ही!"

मग वारे फिरले. पडद्यावर गिरणी-कारखान्यांतली पोरे आली. त्यांचे केस त्यांचे स्वतःचे होते आणि विंचरलेलेही नसत. फेनवर्थांचे ते तोलूनमापून बोलणे ऐकून लोक हसू लागले. माझ्यावर धूळ साचली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

आमच्या दुकानाची एक रीत आहे. नट वारला की त्याचे डोके भिंतीकडे वळवून ठेवायचे. वर्षभराने नाव तासून दुसऱ्या कुणाच्या मापाचे करायचे. एकदा शेजारच्या पबमध्ये कुणीतरी म्हणाले, "फेनवर्थ गेला म्हणे." विनीने डोळे पुसले आणि मला वळवले. कुणीच चौकशी केली नाही. काम बंद झालेला माणूस आणि मेलेला माणूस यांत आमच्या धंद्यात फारसा फरक करत नाहीत.

भिंतीकडे तोंड करून बसणे फार वाईट हो. मागे दुकान चालू असते, हसणे ऐकू येते, आणि त्यात आपण नसतो.

हिवाळ्यातल्या एका दुपारी दार वाजले आणि विनीच्या हातून कप पडला.

"टोप हवाय, विनी." तोच आवाज! "टेलिव्हिजनवर काम मिळालंय. भुताचं. बोलायचं काही नाही, नुसतं जिन्यावरून उतरायचं."

मग त्यांची नजर फळीकडे गेली असावी. पावले माझ्या पाठीशी येऊन थांबली.

"मला जाऊन किती दिवस झाले?" त्यांनी विचारले.

विनीला रडूच फुटले. "सगळे म्हणाले हो, मिस्टर फेनवर्थ..."

"सगळे म्हणाले म्हणजे खरंच असेल. मलाच तेवढं कुणी कळवलं नाही."

त्यांनी स्वतः मला वळवले. बोटे गार होती. विनीने त्यांच्या डोक्याला मापाची फीत लावली. डोके लहान झाले होते.

"याला थोडं तासावं लागेल," ती माझ्याकडे पाहत म्हणाली.

"त्याला हात लावू नकोस. टोप सैल बसला तर बसू दे, भुताला कोण विचारतंय? तो तरी पूर्वीएवढा राहू दे." दारात ते थांबले. "आणि पुढच्या वेळी वळवण्याआधी फोन कर. मी आहे की नाही, ते मीच सांगेन."

वसंतात वर्तमानपत्रात बातमी आली. या वेळी खरी. विनीने मला दोन्ही हातांनी धरले आणि ती थबकली. मग फोनपाशी जाऊन तिने त्यांचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली.

"काही बोलले नाहीत," ती मला म्हणाली, आणि मला होते तसेच ठेवले.

आता रविवारी टेलिव्हिजनवर जुने सिनेमे लागतात. बुडत्या जहाजावर कप्तान उभे असतात, माझ्यावर गुंफलेले केस वाऱ्यावर उडत असतात. बाहेर पाऊस असला की माझ्या डोक्यावर ओल्या हॅटचे ओझे जाणवते. विनी वर पाहते. हॅट नसते.

मित्रांनो, कुणाची बरेच दिवस खबर नसेल, तर चार लोकांचे ऐकून त्याचे तोंड भिंतीकडे फिरवू नका. आधी त्यालाच विचारा.

विनी अजून अधूनमधून तो नंबर फिरवते. परवा पलीकडून कुणीतरी अनोळखी माणसाने फोन उचलला. तिने एक शब्दही न बोलता तो खाली ठेवला. ते नाहीत, हे तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचे नव्हते. मग तिने फडके घेतले आणि माझ्या तोंडावरची धूळ पुसली.