आपल्या जागी माणूस

पुण्याच्या कंपनीनं आमच्या निवेदिताला दिलेली नोकरी परत घेतली, आणि तीही एका ई-मेलवर. मी भाकऱ्या थापत होते. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, ते नको म्हणतायत." मला वाटलं, मागच्या महिन्यातलं स्थळ. म्हटलं, जाऊ दे, नाकं मुरडणारी माणसं होतीच ती. तर ही मटकन खाली बसली.

मेलमध्ये चार ओळी होत्या. व्यवसायातील बदलांमुळे आपली नियुक्ती रद्द करण्यात येत आहे, तसदीबद्दल दिलगीर आहोत. तसदी म्हणे! हिनं त्यांच्या पत्रावर सही करून दिली होती. त्यांच्या भरवशावर इथल्या उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यात, फौंड्रीत, राजीनामा दिला होता, पुण्यात खोली बघून ठेवली होती. पेढे तर आमच्या अख्ख्या खासबाग वस्तीनं खाल्ले होते. मुलाखतीच्या वेळी जी बाई "आता तू आमच्यातलीच" म्हणत होती, ती आता फोन उचलत नव्हती. तोंडावर सांगायची हिंमत नाही आणि म्हणे मोठी कंपनी! मी त्या बाईचा असा उद्धार केला की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

आमचे हे, मार्तंडराव, खासगी शाळेत मास्तर होते. पेन्शन नाही. घर निवेदिताच्या पगारावर चालतं, हे आम्ही तिघंही जाणून होतो आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांनी त्यांच्या पुतण्याला, सुहासला, बोलावलं. तो कोर्टात वकिली करतो. त्यानं सगळं शांतपणे वाचलं.

"काकू, नोटीस पाठवू या. हिनं होकार दिल्यावर त्यांनी माघार घेतलीय, तेव्हा भरपाई मागता येईल. निवेदिता, सगळे मेल जपून ठेव आणि कारण लेखी मागव. पण नियुक्ती कधीही रद्द करू, असं पत्रात घालून त्यांनी स्वतःची सोय आधीच करून ठेवलीय. मिळेलच असं मी सांगत नाही. आणि मिळालं तरी ते उद्या मिळत नाही."

"मग उद्या काय करायचं?" मी विचारलं.

"उद्या फौंड्रीत जाऊन राजीनामा परत घेता येतो का बघा. तिचा शेवटचा दिवस अजून झालेला नाही."

निवेदिताच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. दीपाली.

आमच्याकडं लहान कारखान्यांत एक रीत आहे. सोडून जाणाऱ्यानं आपल्या जागी माणूस देऊन जायचं. असं कुठं लिहिलेलं नाही, पण माणूस न देता गेलात तर साहेबाचं तोंड वाकडं होतं आणि अनुभवाचा दाखला अडकतो. निवेदितानं दीपालीला दिलं होतं. काकती गावच्या भरमा अण्णांची पोरगी, कॉलेजात हिच्या मागच्या वर्गात, आमच्या घरी पुस्तकं न्यायला यायची. गावच्या पतसंस्थेत कामाला होती. निवेदितानंच तिला साहेबांपुढं उभं केलं, साहेबांनी हो म्हटलं आणि सोमवारी ती रुजू व्हायची होती.

सकाळी मीही फौंड्रीत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पोरगी एकटी गेली असती तर भिडेपोटी काहीही बोलून आली असती. नागेंद्र साहेब मूळचे कानडी, मराठी मिसळून बोलतात.

"नोडी बाई, बघा, ही परत येत असेल तर मला आनंदच आहे. राजीनामा फाडून टाकतो. पण दोघींना ठेवणं मला जमायचं नाही. आणि त्या पोरीला मी सांगणार नाही हां. तुम्ही आणली, तुम्हीच सांगा."

निवेदिता टेबलाकडं बघत राहिली. मी तिच्या दंडावर हात ठेवला. ठेवला म्हणजे दाबलाच. ती हो म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "फोन करून टाक, सुटशील."

"फोनवर नाही सांगणार," ती म्हणाली. "मला सांगितलं तसं मी कुणाला सांगणार नाही." मग काकतीची बस धरली.

दीपालीच्या आईला, मालुबाईला, आम्हाला बघून कोण आनंद झाला. "या या वैनी! दीपे, आक्का आल्या बघ गं!" मी नको नको म्हणत असताना तिनं कुंकवाचा करंडा आणला. "तुमच्या पोरीमुळं आमची पोरगी शहरात कामाला लागली. आजकाल कोण करतंय हो कुणासाठी एवढं?"

दीपालीनं नवा शिवून आणलेला ड्रेस दाखवायला काढला. "आक्का, सोमवारी ह्योच घालणार हाय. चालंल न्हवं?"

खरं सांगते, माझ्या छातीत धडधडलं ते त्या पोरीसाठी नाही. आमची आता विरघळणार आणि हातातली नोकरी घालवणार, या भीतीनं धडधडलं.

निवेदिता विरघळली नाही. एका दमात तिनं सांगितलं. पुण्याची नोकरी गेली, मी माझी जागा परत घेतली, तुला सोमवारी यायचं नाही.

मालुबाईचा करंड्यातला हात तसाच राहिला. "आसं कसं? साहेब व्हय म्हणालते न्हवं?"

"म्हणाले होते, मावशी."

"मग?"

त्या पुण्याच्या बाईला मी किती शिव्या घातल्या होत्या. मालुबाईनं आम्हाला एकही घातली नाही. घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

दीपालीनं ड्रेसची घडी घातली. कपाटात ठेवला, कपाट लावलं. मग म्हणाली, "आक्का, मी बी माणूस देऊन आलोय पतसंस्थेत. मागच्या गल्लीतली सौम्या. उद्यापासनं बसणार हाय ती. कापडाच्या दुकानातलं काम सोडलं तिनं."

ती चपला घालायला लागली.

निवेदिता उठली. "दीपाली, थांब. तिला नको सांगू."

"मग मी काय करू, आक्का?" दीपालीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

उत्तर एकच होतं, सोमवारी तूच जा, आणि ते निवेदिताला देता आलं असतं. तिचे ओठ हलले. मालुबाई तिच्याकडं बघत होती, मीही बघत होते. मग पोरगी हळूच खाली बसली.

दीपाली गल्लीत उतरली आणि, सांगायची लाज वाटते, मला हायसं वाटलं.