तिच्याच पगारातून

कॉव्हेंट्रीत नोव्हेंबरात सकाळचे आठ वाजले तरी दिवा लावूनच चहा प्यावा लागतो. २००७ सालातल्या अशाच एका मंगळवारी सुप्रभाबाई सव्वा वर्षाच्या नकुलला कडेवर घेऊन तीन वर्षांच्या तनिषाला पोहे भरवत होत्या. त्यांचा मुलगा अवधूत मोटारींच्या भागांची डिझाइन्स करणाऱ्या एका कंपनीत कधीच निघून गेला होता. सून आसावरी कोटाची बटणं लावत दारात उभी होती.

"आई, तनिषाचं खोकल्याचं औषध अकराला द्या हं. मी साडेपाचला येतेच."

"जा तू. बस चुकेल."

दार लागलं, आणि सुप्रभाबाईंचा दिवस आतून बंद झाला. शेजारीण हसून इंग्रजीत काही बोले. त्या हसून मान हलवत. पोस्टाच्या लाल पेटीपलीकडे त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या.

आपल्या मंडळींनी या देशात एक नवीच रूढी पाडली आहे. मूल झालं की सहा महिने मुलाची आई, सहा महिने मुलीची आई. व्हिसा संपला की एकीला विमानतळावर सोडायचं आणि दुसरीला त्याच गाडीतून घरी आणायचं. गुडघे दुखोत, थंडीने हाडं कडकडोत, कुणी विचारायचं नाही. आणि या बिनपगारी नोकरीला नाव काय, तर नातवंडांचं सुख! सुप्रभाबाईंची ही तिसरी खेप होती. येत्या एकवीस दिवसांत त्यांना साताऱ्याला परतायचं होतं. दर वेळी त्यांच्या मागून आसावरीची आई यायची. ती गेल्या मार्चमध्ये हार्ट अटॅकने वारली. आता पाळी लावायला कुणी उरलं नव्हतं.

आसावरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिकाऊ होती. आणखी सात महिन्यांनी तिचं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं. ते झालं की देशातल्या कुठल्याही लॅबमध्ये तिला उभं राहता आलं असतं. मध्येच सोडलं, तर दीड वर्षाची मेहनत पाण्यात.

त्या संध्याकाळी अवधूत एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आला. मोठ्या खुशीत होता.

"आमच्या कंपनीत चाइल्डकेअर व्हाउचर्स सुरू झालीत. माझ्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे नर्सरीसाठी आधीच वळते करायचे, तेवढ्यावर टॅक्स नाही. शुक्रवारपर्यंत एचआरला फॉर्म द्यायचाय."

"म्हणजे नर्सरीचं जमेल?" आसावरीने विचारलं.

अवधूतने पाकिटाच्या पाठीवर पेन चालवलं. वर तिचा पगार, खाली दोन मुलांची नर्सरी, आणि मध्ये एक आडवी रेघ.

"हे बघ. तुझ्या पगारातून नर्सरी वजा केली, की तुझ्या बसपासलासुद्धा उरत नाही. त्यापेक्षा तू दोन वर्षं घरी थांब. तनिषाला आठवड्यातून दोन सकाळी पाठवू, तेवढं माझ्या व्हाउचर्समध्ये भागतं. तू नोकरीत नसलीस तरी चालतं त्यांना."

"माझ्याच पगारातून का वजा केलीस?"

अवधूतला प्रश्नच कळला नाही. तो दुष्ट नव्हता. भांडी घासायचा, मुलांना अंघोळ घालायचा. तो अगदी सहज म्हणाला, "अगं, नर्सरी तुझ्यामुळेच लागते ना."

स्वयंपाकघरात सुप्रभाबाईंनी कुकरचा गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या कँटीनमध्ये आसावरीने हा हिशेब सांगून टाकला. समोर तिच्याबरोबर काम करणारी रश्मी होती. ती इथेच जन्मलेली, तिचे आजोबा पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले.

"पण तू टॅक्स क्रेडिट क्लेम केला नाही? व्हाय नॉट? माझा बहीण घेतो ना, नर्सरीसाठी. गव्हर्नमेंट पैसे देतो."

"आम्हाला नाही मिळत गं. पासपोर्टवर शिक्का आहे, सरकारी मदतीवर हक्क नाही म्हणून."

"पण तुमचा आयएलआर झाला ना, लास्ट इयर? पार्टी दिली तू! मग तो शिक्का फिनिश्ड."

आसावरीने बोटांवर महिने मोजले. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळून वर्ष झालं होतं. पेढे वाटले होते, फोटो काढले होते. पण पाच वर्षं ज्या शिक्क्याला भिऊन काढली, तो शिक्का मनातून पुसायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. असं एकट्या आसावरीचंच झालं असेल असं समजू नका.

तिने जेवणाच्या सुट्टीत हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं. आईवडील दोघंही आठवड्याला निदान सोळा तास नोकरी करत असतील, तरच नर्सरीची मदत मिळते. नर्सरीच्या खर्चाचा जो भाग व्हाउचर्सनी भरला जातो, तो यात धरत नाहीत, म्हणून तुलना करूनच ठरवा. दिलेल्या आकड्यांवरून तुम्हाला व्हाउचर्सपेक्षा क्रेडिट दुपटीहून जास्त पडेल. पैसे मुलांचं मुख्यतः बघणाऱ्याच्या खात्यात येतात. तीन महिन्यांपलीकडचं मागचं मिळत नाही. आणि अर्ज जोडीचा असतो, सह्या दोघांच्या लागतात.

एक योजना म्हणत होती, बाई घरी बसली तरी चालेल. दुसरी म्हणत होती, बाईने नोकरीत असलंच पाहिजे. आसावरीच्या दृष्टीने सगळा फरक एवढाच होता.

शनिवारी फॉर्म पोस्टाने आला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने तो अवधूतपुढे ठेवला. व्हाउचर्सवर त्याने शुक्रवारीच सही करून टाकली होती.

"बेनिफिट घ्यायचं?" त्याचा आवाज चढला. "अगं, आपण काय डोलवर, बेकारभत्त्यावर आहोत? महाराष्ट्र मंडळात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तुझ्या कंपनीचं व्हाउचर म्हणजे तरी काय? सरकार टॅक्स सोडतं, म्हणूनच ना? ते घेतलेलं चालतं."

"ते पर्क आहे, कंपनीची सवलत! आणि क्रेडिटवाले नंतर जास्त दिलं म्हणून परत मागतात. आमच्या ऑफिसातल्या श्रीनिवासला किती मनस्ताप झाला, माहितीये?"

"मग पगार बदलला की लगेच कळवू. मी कळवीन."

"मी सही करणार नाही. विषय संपला. उद्या तू नोकरी सोडायची नोटीस देऊन टाक."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी गत. इथे तर भीकही नव्हती. इतकी वर्षं दोघांच्या पगारातून कर कापला जात होता, तेव्हा अवधूतच्या अब्रूला काही झालं नव्हतं! आसावरीला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

अवधूत आईकडे वळला. "सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. आई, मेमध्ये परत तिकीट काढतो तुझं."

"काढू नकोस," सुप्रभाबाई म्हणाल्या. "मी येणार नाही."

"का? आमचं काही चुकलं का?"

"तुझ्या वडिलांनीसुद्धा असाच हिशेब केला होता रे. मी बालवाडीत शिकवत होते. तुला सांभाळायला बाई ठेवली होती. तिचा पगार त्यांनी माझ्या पगारातून वजा केला. सतरा रुपये उरले. सतरा रुपयांसाठी नोकरी कशाला, म्हणाले. मलाही ते पटलं. माझ्याबरोबरच्या नीनाने नाही सोडली. ती पुढे शाळेत लागली, आज तिला स्वतःचं पेन्शन आहे. ती मुलाकडे पंधरा दिवस जाते आणि पाहुणचार घेऊन येते. मी मात्र तू तिकीट काढशील तेव्हा येते आणि व्हिसा संपेपर्यंत राबते."

"आई, तू राबतेस असं आम्ही कधी..."

"म्हणत नाही तुम्ही. माझा जीव आहे पोरांवर. पण या घरात दिवसभर कोंडून घेतल्यावर वाटतं, सतरा रुपये उरले म्हणून सोडलं ते सतराच नव्हते. तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता मी हिला सांगतेय."

अवधूत उठून बागेच्या दाराशी उभा राहिला. त्याने सही केली नाही. माणसं एका दुपारीत बदलतात असं गोष्टीत लिहायला बरं असतं. पण मी ते लिहिणार नाही.

आसावरीनेही नोटीस दिली नाही. सासूबाई ज्या दिवशी निघायच्या होत्या, त्याच्या आधीच्या सोमवारी ती दोन्ही मुलांना घेऊन नर्सरीत गेली आणि आठवड्याच्या पाचही दिवसांसाठी त्यांची नावं घातली. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "बिल आईच्या नावावर?"

"दोन बिलं करा," आसावरी म्हणाली. "अर्धं माझ्या नावावर. अर्धं मुलांच्या वडिलांच्या नावावर, त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर."

बाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं.

बिल मिळालं त्या दिवशी अवधूत घरी आला, जेवला. मग म्हणाला, "माझ्या अर्ध्यातून व्हाउचर्स वजा केली तरी बरंच बिल उरतंय."

"हो," आसावरी म्हणाली. "माझंही."

क्रेडिटचा फॉर्म तिची सही होऊन टेबलावर आहे. दुसऱ्या सहीची जागा अजून कोरी आहे, आणि नर्सरी सुरू झाल्यापासूनच्या तीन महिन्यांच्या मुदतीतले पंचेचाळीस दिवस गेले आहेत. तिने त्याला पुन्हा विचारलेलं नाही. तिच्या रजिस्ट्रेशनला पाच महिने उरलेत. रोज सकाळी ती कामावर जाते आणि मुलांना नर्सरीत अवधूत सोडतो.

वाचकहो, व्हाउचर बरं की क्रेडिट, हे आपापल्या आकड्यांवरून ठरवा. ते मी सांगणार नाही. पण हिशेबाला बसाल तेव्हा नर्सरीचा आकडा कुणाच्या पगाराखाली लिहिता, ते एकदा बघा. आणि तो तिच्याच पगाराखाली लिहिला असेल, तर ती समोर असताना तिला विचारा, हे मूल एकट्या तुझं आहे का?