सरूबाईचं खारं भात

मुलुंडच्या पूर्वेला, खाडीला लागून, सरूबाईचं अर्ध्या एकराचं खाजण, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं भातशेत होतं. १९७१च्या श्रावणात उधाणाच्या पाण्यानं बांध फोडला आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं भात आठवड्याभरात पिवळं पडलं. सरूबाईची पट्टी तेवढी हिरवीगार उभी राहिली.

नलिनी घाटकोपरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी.साठी विषय शोधत होती. कानावर आलं तशी ती चिखल तुडवत तिथं पोचली. सरूबाईच्या आणि शेजारच्या शेतातली, तग धरून असलेली पानं तिनं आणली, खलात वाटली, रस गाळला आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडले. शेजारच्या भाताचा रस जेमतेम बुडबुडला. सरूबाईच्या भाताचा रस फसफसून नळीबाहेर आला.

"खारं पाणी प्यायलं की रोपाच्या आत विष साचतं, मावशी," नलिनीनं तिला सांगितलं. "त्या विषाचं पाणी करून टाकणारं एन्झाइम तुमच्या भातात जास्त आहे. निदान मला तसं वाटतंय. सिद्ध करायला लागेल."

"माझी सासू बोलायची, ह्या भाताला पोट हाय," सरूबाई म्हणाली आणि खुशीत हसली.

पुढल्या वर्षी ते खाजण कुठल्याशा कारखान्यासाठी गेलं. भरावाचे ट्रक येऊ लागले, तेव्हा सरूबाई पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी डोक्यावर घेऊन थेट नलिनीच्या प्रयोगशाळेत आली.

"गावात दुसऱ्या कुणाकडं हे बी उरलं नाय, बाय. माझ्या खोलीत उंदीर ते ठेवायचे नायत, तुझ्याकडं राहू दे. ऐरोलीला माझ्या भावाची जमीन हाय, खाडीलाच. बांध घातला की पुढल्या सालाला तिथं पेरीन."

"निम्मं मी वापरू?"

"वापर की. निम्मं माझं."

नलिनीनं गच्चीवर ट्रे मांडले. रोप वीतभर झालं की उपटायचं, वाटायचं, मोजायचं. एन्झाइम मोजायचं तर रोप मारावंच लागे, त्यामुळे एकालाही लोंबी धरली नाही. तिचे मार्गदर्शक विद्याधर सर आकडे बघून मान हलवायचे. "दिशा उत्तम आहे, पण नमुने कमी पडतात. पुन्हा करा." तिनं पुन्हा केलं. जानेवारीत तिचा वाटा संपला. सरूबाईच्या वाट्यातलं ओंजळभरच घेऊ, म्हणत तिनं मुडी सोडली. मार्चमध्ये मुडीचा नुसता पेंढा उरला होता.

मेअखेरीस सरूबाई पिशवी घेऊन आली.

"रोहिण्या लागल्या, पेरणी आली. बी दे."

नलिनीनं खरं ते सांगितलं. सरूबाईला आधी कळलंच नाही.

"सगळं? वाटून टाकलंस?"

नलिनीनं वही उघडून आकड्यांची पानं दाखवली. मग फ्रिज उघडून हिरव्या रसाच्या नळ्या दाखवल्या. म्हणाली, "सगळं ह्यात आहे, मावशी. ते का जगतं ते आता ठाऊक झालंय."

सरूबाईनं एक नळी उजेडात धरली, निरखली.

"हे पेरता येतं?"

"नाही."

तिनं नळी जपून जागेवर ठेवली, पिशवीची घडी घातली आणि जिना उतरून गेली.

नलिनीनं गावोगाव विचारून पाहिलं. त्या जातीचा दाणाही कुठं मिळाला नाही.

ऑगस्टच्या उधाणानंतर ती होडीनं ऐरोलीला गेली. सरूबाईनं बाजारातलं बी पेरलं होतं. वावरभर भात पांढरं पडून चिखलात झोपलं होतं, आणि ती नि तिचा भाऊ ते उपटून बांधावर टाकत होते. नलिनी साडी खोचून शेतात उतरली आणि वाकून उपटू लागली.

"राहू दे, बाय," सरूबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "भरती लागायच्या आत घरी जा."

नलिनी तशीच उपटत राहिली. तिला कुणी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.