इंदूचे दहा नंबर

मधुकर डबीरांनी मशीन पुन्हा एकदा बंद केलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि पडद्यावर त्रेसष्ट फायलींपैकी तिसरी चालू होती. गेल्या नऊ दिवसांत ते तिसरीच्या पुढे एकदाही गेले नव्हते.

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. पण डबीर मिक्सरलाही मशीनच म्हणत. आनंद नगरजवळच्या मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी करून ते फोरमन म्हणून रिटायर झाले होते. शेवटची सतरा वर्षं त्यांच्या हाताखाली विजेच्या मोटरींची चाचणी होती, आणि त्या सतरा वर्षांत त्यांच्याकडे एकही मोटर जळली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत. त्यांची बायको इंदुमती सांगायची आणि वर म्हणायची, "घरात मात्र दोन इस्त्र्या आणि एक गीझर."

इंदुमती जाऊन आठ महिने झाले होते.

तिला कॉम्प्युटरवर एक खेळ आवडायचा. रंगीबेरंगी गोळ्यांची चौकट असते, एका रंगाच्या गोळ्या शेजारी शेजारी आल्या की फोडायच्या. मोठा घोळका फोडला तर मार्क जास्त. खेळ फुकटचा होता. परदेशातल्या कुणी तरी हौसेनं तयार केला होता आणि सगळा कोड उघडा ठेवला होता, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. इंदुमती दुपारी जेवणं झाली की बसायची. खेळात पहिल्या दहा नंबरांची एक यादी होती आणि दहाही नंबर तिचे होते. डबीरांनी दोन-चारदा खेळून पाहिलं होतं, पण दर वेळी डाव अर्धवट टाकून उठले, त्यामुळे यादी त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. ती म्हणायची की तुमच्या जन्मभराच्या मार्कांची बेरीज केली तरी माझ्या दहाव्या नंबराएवढी होणार नाही.

उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि जुना कॉम्प्युटर गेला. अशोका गार्डन भागातल्या दुरुस्तीवाल्यानं आतलं जेवढं निघालं तेवढं पेन ड्राइव्हवर काढून दिलं. त्यात त्या यादीची फाइल होती. एवढीशी. डबीरांनी ती नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. नाशिकला सॉफ्टवेअर कंपनीत असलेली त्यांची मुलगी सुप्रिया फोनवर म्हणाली की ही फाइल फक्त तो खेळच वाचू शकतो, आणि तो खेळ आता तयार मिळत नाही. आठ वर्षांत त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. पण त्याचा मूळ कोड अजून आहे. त्यावरून आपल्याला खेळ घरी तयार करता येईल.

"म्हणजे खुर्ची मिळत नाही, लाकूड मिळतं," डबीर म्हणाले.

सुप्रिया म्हणाली, तसंच समजा. आणि ती म्हणाली की मी इथून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दहा मिनिटांत करून देते. डबीरांनी नको म्हणून सांगितलं. लांबून फोनवर कुणी मशीन चालू करत नाही. ज्यानं चालू करायचं त्यानं मशीनपाशी उभं राहायचं. त्यांना दुसरं काही नको होतं. त्या यादीत इंदूचं नाव दहा वेळा लिहिलेलं एकदा पाहायचं होतं. बाकी सगळ्या कागदांवर तिच्या नावापुढे आता कैलासवासी लावावं लागत होतं. तिथे लावावं लागलं नसतं.

मग सुप्रियानं कृती लिहून पाठवली. पहिली पायरी तपासणीची. एक आज्ञा द्यायची, मग कोड तुमच्या कॉम्प्युटरची चौकशी करतो, माझ्यासाठी लागणारं सामान इथे आहे का म्हणून. डबीरांनी आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर एकेक ओळ येऊ लागली. त्यातली एक वाचून ते चकित झाले. आजूबाजूची परिस्थिती शहाणी आहे का, असं इंग्रजीत विचारलेलं होतं आणि पुढे त्यानंच उत्तर दिलेलं होतं, हो. डबीरांनी खोलीभर पाहिलं. दोरीवर तीन दिवसांपूर्वीचा टॉवेल होता आणि पलंगावर कुकर होता. तरी त्यानं हो म्हटलं होतं. हे मशीन दयाळू आहे, असं त्यांचं मत झालं.

ते मत दुपारपर्यंत टिकलं. कारण सामान कमी पडत होतं आणि काय काय कमी आहे ते मशीन एकदम सांगत नव्हतं. काही गुरुजी यजमान पाटावर बसल्यावर सुपारी मागतात, सुपारी आणली की जानवं, जानवं आणलं की म्हणतात दूर्वा कुठे आहेत, तसा प्रकार. चित्रं दाखवणारं सामान नाही. ते आणलं. आवाजाचं नाही. तेही आणलं. अक्षरांचं नाही. असे सात हेलपाटे झाले, सगळे खुर्चीत बसून. डबीरांनी प्रत्येक गोष्ट रजिस्टरमध्ये लिहिली. आठव्यांदा मशीननं काही मागितलं नाही आणि तपासणी संपली.

दुसरी पायरी खेळ तयार करण्याची, कोडच्या त्रेसष्ट फायली एकामागून एक. आणि इथे ते नऊ दिवस अडकले.

दोष कोडचा नव्हता. दोष डबीरांच्या सवयीचा होता. कारखान्यात त्यांच्या टेबलावर तीन दिवे असत. हिरवा लागला की चालू, लाल लागला की पळा. आणि पिवळा लागला की मशीन थांबवायचं, वहीत नोंद करायची, कारण शोधायचं, आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू करायचं. मध्येच थांबलेलं काम मधूनच पुढे नेलेलं त्यांना चालत नसे. आता खेळ तयार होताना तिसऱ्या फायलीपाशी पडद्यावर वॉर्निंग असा शब्द यायचा. त्याचा रंगही नेमका पिवळसर. तो आला की डबीर दोन बटणं दाबून काम थांबवत, रजिस्टरमध्ये वेळ, क्रमांक आणि मजकूर लिहीत, तोपर्यंत तयार झालेलं सगळं पुसून टाकत आणि पहिल्या फायलीपासून सुरू करत. वॉर्निंग पुन्हा येई. डबीर पुन्हा थांबवत. रजिस्टरमध्ये एकच वॉर्निंग एकतीस वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. 'कारण' हा रकाना भरलेला होता. 'उपाय' हा रकाना कोरा होता.

सुप्रियाला विचारायला त्यांना लाज वाटत होती. ती फोन करायची आणि झालं का विचारायची, तेव्हा ते चाचणी चालू आहे म्हणून सांगायचे. शेवटी त्यांनी खेळ बनवणाऱ्या त्या परदेशी गृहस्थालाच पत्र लिहिलं. त्याचा पत्ता कोडमध्येच होता. आदरणीय महोदय अशी सुरुवात करून, आपल्या फाइल क्रमांक तीनमधील ओळ दोनशे अठरावर एक वस्तू नोंदवलेली आहे परंतु ती कुठेही वापरात आलेली नाही, तरी याबाबत आपली लेखी सूचना मिळावी, असं इंग्रजीत कळवलं. सोबत रजिस्टरच्या पानांचे फोटो जोडले.

पाच दिवसांनी उत्तर आलं. ते घेऊन डबीर केशव मुंगेकडे गेले. केशव दोन घरं सोडून राहायचा. तो मूळचा ग्वाल्हेरचा, त्याच कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता, आणि त्याचं अर्धं बोलणं हिंदीत असायचं. तो ओट्यावर उन्हात मटार सोलत बसला होता. डबीरांनी उत्तर वाचून दाखवलं. त्या गृहस्थानं लिहिलं होतं की ही वॉर्निंग चौदा वर्षं तिथे आहे, माझी तिच्याशी ओळख आहे, कृपया थांबवू नका, चालू द्या, आणि मध्यंतरी काही तरी गरम प्या. तुमच्या रजिस्टरचे फोटो मी घरच्यांना दाखवले, असंही त्यानं लिहिलं होतं.

"वॉर्निंग म्हणते काय पण?" केशवनं विचारलं.

"एक जण हजेरीपटावर आहे, पण कामावर कुठे दिसत नाही."

केशवनं हातातली शेंग खाली ठेवली. "मधू, अरे यार, आपल्या शॉपमध्ये असे चाळीस होते. पगारसुद्धा घ्यायचे. तरी कारखाना चलता था की नाही?"

 छत्तीस वर्षं डबीरांनी त्या चाळीस जणांबद्दल तक्रारी लिहिल्या होत्या, आणि छत्तीस वर्षं कारखाना चालत होता, हे खरं होतं.

तरीही लेखी सूचना आणि तोंडी सल्ला एवढ्यावर ते मशीन चालू करणार नव्हते. कारखान्यात धोक्याच्या कामाआधी भरतात तसं परमिट त्यांनी तयार केलं. कामाचं स्वरूप, ठिकाण, धोका, आणि खाली दोन सह्या. धोक्यापुढे त्यांनी लिहिलं, हात आपोआप बटणाकडे जाणे. केशवनं सुरक्षा अधिकारी म्हणून सही केली आणि मटारची पिशवी घेऊनच तो आला.

"हात मोकळे नकोत," तो म्हणाला, आणि त्यानं डबीरांच्या मांडीवर परात ठेवली.

आज्ञा दिली. पहिली फाइल गेली, दुसरी गेली. तिसरीला पिवळी ओळ आली. डबीरांनी एक शेंग अशी दाबली की दाणे भिंतीवर गेले. ओळ वर सरकली आणि चौथी फाइल सुरू झाली. चौथीत सहा वॉर्निंगी होत्या. अकरावीत इतक्या होत्या की पडदा मोहरीच्या शेतासारखा दिसू लागला. केशव क्रिकेटच्या समालोचकासारखा मोजत होता आणि डबीर डोळे मिटून शेंगा सोलत होते. मध्येच त्यांनी विचारलं की वास येतोय का. केशवनं हुंगून सांगितलं, मटारचा येतोय. साडेचार मिनिटांत त्रेसष्ट फायली झाल्या. वॉर्निंगी चारशे बारा. लाल ओळ एकही नाही. दीड किलो मटार सोलून झाले होते आणि सालं परातीत, दाणे पिशवीत गेले होते.

खेळ उघडला. त्याच रंगीत गोळ्या. डबीरांनी पेन ड्राइव्हवरची यादी तिच्या जागी ठेवली. मूळ प्रत पेन ड्राइव्हवर तशीच आहे ना, हे तीनदा पाहिलं. आता अडचण एवढीच होती की खेळ संपल्याशिवाय यादी दिसत नाही. म्हणजे एक डाव खेळायचा, आणि हरायचा. चुकून दहांत आलो तर इंदूची एक ओळ बाहेर पडेल, या भीतीनं डबीर फक्त दोन-दोनच्या जोड्या फोडत होते. पण छोट्या जोड्या काढत गेलं की उरलेल्या गोळ्या घरंगळून एकत्र येतात. थोड्या वेळात खाली लाल गोळ्यांचा एवढा मोठा ढीग जमला की केशव म्हणाला, आता फोड, सेंच्युरी होईल. डबीरांनी त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. मग खेळ अर्धवट सोडण्याचं बटण सापडलं, ते दाबलं, आणि यादी आली.

दहाही नंबर होते. इंदूचं नाव मात्र एकदाही नव्हतं.

नंबर आला की खेळ नाव विचारायचा. बारा अक्षरांची जागा द्यायचा, इंग्रजी अक्षरं. इंदुमती त्या जागेत, त्या क्षणी मनात असेल ते मराठीतच लिहायची. पहिल्या नंबरावर लिहिलं होतं, 'चहा कुठे'. दुसऱ्यावर 'पंखा बंद'. मग 'गादी उन्हात'. 'भेंडी जून'. सहाव्या नंबरावर 'केशव जेवेल', आणि सातव्यावर, बहुधा त्याच दिवशी, 'परत जेवेल'. केशव दारातून वाचत होता. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

डबीर एकेक ओळ बोट लावून वाचत गेले. ते हसतही होते आणि नाकही ओढत होते. मग त्यांचं बोट दहाव्या ओळीवर थांबलं. तिथे होतं, 'दूध ह्यांनी'. पुढची अक्षरं मावली नव्हती.

"हे खोटं आहे," डबीर म्हणाले.

केशवनं विचारलं की काय झालं. डबीरांनी सांगितलं की त्या दिवशी दूध गॅसवर होतं, ती इथे खेळत होती, आणि ते फाटकाशी मीटरवाल्याशी बोलत होते. लक्ष ठेवा असं ती म्हणाली, हे तिचं म्हणणं. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. ऐकलं नाही म्हणजे सांगितलं नाही. दूध उतू गेलं ते तिच्यामुळे, आणि तिनं ते वर कायमचं लिहून ठेवलं, तेही त्यांच्या नावावर.

"जाऊ दे ना," केशव म्हणाला. "आता काय."

"आता काय म्हणजे? जगभर उघडा आहे तो खेळ."

रात्री सुप्रियाचा फोन आला तेव्हा यादी पाहिली का, असं तिनं हलक्या आवाजात विचारलं. डबीरांनी दहाही ओळी वाचून दाखवल्या.  मग डबीरांनी तिला विचारलं की लाल ढीग एकदम फोडावा की आधी बाजूच्या निळ्या काढाव्यात. तिला कळेना. त्यांनी समजावलं, की दहाव्या नंबराचे मार्क दोन हजार तीनशे दहा आहेत, आणि ती ओळ काढायची तर त्याहून जास्त मार्क पाहिजेत.

"बाबा, आईची ओळ पुसणार तुम्ही?"

"पेन ड्राइव्हवर आहे ती. तिथे राहू दे तिचं म्हणणं. इथे माझंही असू दे."

आता डबीर रोज दुपारी जेवण झालं की बसतात. केशव खुर्ची ओढून मागे बसतो आणि चुकीचे सल्ले देतो. जेवायलाही तिथेच असतो. बारा अक्षरांत काय लिहायचं ते डबीरांनी रजिस्टरच्या 'उपाय' रकान्यात लिहून ठेवलंय, आणि केशवला ते दाखवत नाहीत. काल ते दोन हजार दोनशे चाळीसपर्यंत गेले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, आणि दोघंही एकमेकांकडे पाहून म्हणाले की मला वाटलं तू बघतोयस.