फियाटमधून मुलगी बघायला

मुलगी बघायला जाताना गाडी पांढरी असावी, मोठी असावी आणि शक्यतो स्वतःची असावी. सोयरिकी जमवण्यात माझी हयात गेली म्हणून सांगतो. मुलाचा पगार लोक विसरतात, नाकडोळे मुंडावळ्यांमागे झाकले जातात. पण दारात कोणती गाडी थांबली होती, हे भावकी पिढ्यानपिढ्या सांगत बसते. हे सगळं मी ऋतुराजला नीट समजावलं होतं. तरी त्या रविवारी औरंगपुऱ्यात मला घ्यायला तो आला आजोबांची त्र्याहत्तर सालची फियाट घेऊन.

मागच्या सीटवर त्याचे वडील, सुदर्शनराव. मुलाला नव्हे, त्यांनाच कुणीतरी नाकारलंय असा चेहरा.

"मोठी गाडी कुठंय?" मी विचारलं.

"घरी. धुऊनपुसून उभी आहे," ते म्हणाले. "बद्रीनाथराव, तुम्हीच बोला त्याला. माझं ऐकायचं त्यानं कधीच सोडलंय."

ऋतुराज नात्यानं माझा लांबचा भाचा. वाळूजला इंजिनिअर आहे, पोरगं सरळ आहे, पण बरीच घरं बघून झाली तरी कुठं जमलेलं नव्हतं. बघायला गेला की हा सगळ्याला हो म्हणतो, मुलगीही सगळ्याला हो म्हणते, आणि आठ दिवसांनी नकार येतो. देवगाव रंगारीच्या या मुलीशी, प्रेरणाशी, मात्र तो फोनवर बोलला होता आणि नंतर मला म्हणाला होता, "मामा, इथं जमलंच पाहिजे." त्याच्या तोंडून 'च' लावलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"मग ही गाडी कशाला आणलीस, बाबा?"

"तिला हिचा फोटो पाठवला होता. बाकीचे म्हणतात, छान आहे, अँटिक आहे. ती म्हणाली, समोरून नको, बाजूनं काढून पाठवा."

"मग?"

"मग काय. पाठवला."

एवढ्या भांडवलावर हा माणूस लग्न करायला निघाला होता.

दौलताबाद मागं पडलं, घाटात फियाट दुसऱ्या गिअरवर आली आणि गप्पांना वेळ मिळाला. सुदर्शनराव म्हणाले, "सुंदर गाडी म्हणजे कॉन्टेसा. आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनची होती. पुढचं टोक फाटकातून आत आलं की मागचं येईपर्यंत चहा व्हायचा." मी म्हणालो, सुंदर म्हणजे कलेक्टरची अँबेसेडर, मागं पांढरे पडदे लावलेली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हा हिशेब सोपा आहे. माणसाला कोवळ्या वयात ज्या गाडीत बसायला मिळत नाही, ती त्याला जन्मभर सुंदर दिसते.

"पण तुझं गणित बसत नाही," मी ऋतुराजला म्हणालो. "ही तर तुमच्या घरचीच."

"घरची होती, पण गोठ्यात बंद होती मामा. मी स्टिअरिंग धरून बसायचो, मागच्या सीटवर कोंबड्या. पगारातून दुरुस्त करेपर्यंत कधी हलली नाय."

गणित बसलं.

मुलीचे वडील सांडू पाटील फाटकात उभे होते. अद्रकाचं पीक चांगलं साधलेलं, दुमजली घर, दाराला नवा रंग. त्यांनी फियाटकडं पाहिलं, मग फियाटच्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"बाकीचं पाव्हणं मागून येतायत व्हय?"

"नाही. एवढेच आहोत."

"बरं, बरं."

समोरच्या ओट्यावर त्यांचा चुलतभाऊ कारभारी बसला होता. त्याचा जावई गेल्या वर्षी काळ्या, उंच गाडीतून आला होता आणि ती गाडी अजून गावच्या बोलण्यातून उतरलेली नव्हती. कारभारी उठला, फियाटभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सांडू, पाव्हण्यांला यायला लई त्रास झाला असंल."

सांडूरावांचे कान लाल झाले. मी मनातल्या मनात ही सोयरीक बुडीत खाती टाकली.

पोहे आले. सुदर्शनरावांनी सावरायला म्हणून सांगितलं, "मोठी गाडी सर्व्हिसिंगला दिलीय."

"नाय आप्पा, घरीच आहे," ऋतुराज म्हणाला. "ही मी मुद्दाम आणली."

सांडूरावांनी बशी खाली ठेवली. "मुद्दाम?"

त्या एका शब्दातून त्यांना काय ऐकू आलं ते मला स्पष्ट दिसत होतं: आपल्या दारापर्यंत मोठ्या गाडीचं डिझेल जाळायची या लोकांना गरज वाटली नाही. मी पोह्यांचं कौतुक केलं. कुणी ऐकलं नाही.

तेवढ्यात प्रेरणा चहा घेऊन आली. शेंद्र्याच्या एका मोटार कारखान्यात ती रंगवलेल्या बॉड्या तपासते. वर ट्यूबलाइटच्या रांगा असतात आणि पत्र्यावर त्यांचं प्रतिबिंब कुठं वाकडं होतं ते बघायचं, असं तिचं काम. नाव, शिक्षण, आवड विचारून झाल्यावर तिनं विचारलं, "मी गाडी बघू का?"

बघायला आम्ही गेलो होतो. आता ती निघाली, आणि आम्ही तिच्या मागं.

तिनं गाडीला हात लावला नाही. मागच्या दिव्यापाशी उकिडवी बसली, एक डोळा मिटला आणि बाजूचा पत्रा लांबवर न्याहाळला. वरची विजेची तार त्यात दिसत होती.

"तार बघा," ती म्हणाली. "पुढच्या दिव्यापासून निघाली, दोन्ही दारांवरून गेली, मागं शेपटाशी येऊन उतरली. कुठं अडखळली नाय."

ऋतुराज फुलला. "नव्या गाड्यांत अशी रेघ कुठं असते?"

"असती की. नव्यातबी असती. नव्वद सालच्या डब्यासारख्या गाड्यांतबी होती, आखूड होती एवढंच. एक रेघ धरायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाय. ज्यांनी दारावर चार चार रेघा मारल्या, त्या पाच वर्षांत म्हाताऱ्या दिसाया लागल्या." मग तिनं खाली बघितलं. "चाकं मात्र उसनी हायेत."

ऋतुराजनं ती चकचकीत अलॉयची चाकं हौसेनं पुण्याहून मागवली होती. "उसनी कशी? नवीन आहेत. हलकी असतात."

"असतील हलकी. नऊवारी नेसलेल्या बाईनं पळायचे बूट घातल्यावाणी दिसतंय."

"त्यानं रुंद टायर बसतो. पकड चांगली येते."

"पकड टायरनं येती, चकाकीनं नाय. जुनी चाकं कुठंयत?"

"घरी आहेत."

"आणि त्यांच्यावरच्या वाट्या?"

ऋतुराजचा आवाज उतरला. "आई कोंबड्यांना पाणी ठेवते त्यांत."

दारात जमलेल्या घरच्या बाया हसल्या. दोघं मात्र हसली नाहीत, वादच घालत राहिली: ब्रेक, टायर, क्रोम, रंगाचा नंबर. सुदर्शनराव माझा कोपर ओढत म्हणाले, "अहो, थांबवा त्याला, भांडतोय तो." मी थांबवलं नाही. हा मुलगा आजवर कुठल्या मुलीला नाही म्हणाला नव्हता, तेच तर दुखणं होतं.

पण होकार द्यायचा होता सांडूरावांना, आणि ते समोरच्या ओट्याकडं बघत उभे होते.

इतक्यात त्यांच्या आई दगडाबाई काठी टेकत बाहेर आल्या. "व्हा बाजूला." फियाटच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. "तोंड बरं हाय. आताच्या गाड्या दात काढून अंगावर येत्यात." मग मागचं दार स्वतःच उघडलं, खुर्चीवर बसावं तशा सीटवर टेकल्या, एकेक पाय आत घेतला आणि काठी मांडीवर ठेवली. कुणाचा हात लागला नाही.

सांडूराव बघत राहिले. कारभारीच्या लेकीच्या लग्नात त्या काळ्या गाडीत याच बाईला स्टूल लावून, दोन पुतण्यांनी पोत्यासारखं चढवलं होतं. तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर अजून फिरतो.

"आता चला की," दगडाबाई म्हणाल्या. "गावातनं एक चक्कर. सांडू, तू म्होरं बस. पोरी, तू हिकडं माझ्याजवळ."

गाडी निघाली आणि लगेच थांबली, कारण म्हातारीनं ती कारभारीच्या ओट्यासमोर थांबवायला लावली. खिडकीतून मान काढून म्हणाल्या, "कारभारी, येतो का? हितं स्टूल लागत नाय."

कारभारीला हसावं लागलं. चार माणसं बघत होती.

चक्कर मारून आल्यावर सांडूराव उतरले. दार लावलं, त्याचा आवाज ऐकला, परत उघडून परत लावलं. मग बोनेटवर हात ठेवून त्यांनी ऋतुराजला विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देती?"

मी चहा मागितला. मुलीचा बाप अ‍ॅव्हरेज विचारायला लागला की मध्यस्थाचं काम संपतं.

निघताना सांडूराव म्हणाले, "साखरपुड्याला हीच आणा."

"चाकं बदलून," प्रेरणा दारातून म्हणाली.

"बघू," ऋतुराज म्हणाला.

"बघू नाय."

साखरपुडा वेरूळला झाला. फियाट जुन्या चाकांवर, जुन्या वाट्या लावून आली. चोचींचे ओरखडे बरेचसे निघाले होते. पांढरी मोठी गाडीही होती, मागून आली. साड्यांचे बॉक्स आणि आचारी तिच्यात बसवले होते. ऋतुराजच्या आईनं कोंबड्यांना नवी कोरी स्टीलची वाटी आणली, पण त्या अजून तिला तोंड लावत नाहीत. फार चकाकते, असं त्यांचं म्हणणं असावं.