लाभ, दोन, तीन

उखर्डू आबा पारोळ्याच्या बाजारात मापाडी होता आणि हंगाम सरला की विहिरींत सुरुंग लावायचा. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. विहिरीच्या काठावर सुरुंगाचे बारही तो ‘लाभ, दोन, तीन’ असेच मोजायचा. लोक हसायचे. पण जेवढे सुरुंग तेवढे बार झाले, तरच माणूस खाली उतरायचा.

एक्क्याण्णवच्या चैत्रात भटूनं बापाची बारा वर्षं पडीक विहीर पुन्हा खोदायला काढली. बाप म्हणजे वना, आबाचा जोडीदार. त्याच विहिरीत न उडालेल्या एका सुरुंगानं तो मेला होता. गाव म्हणायचं, उतावळा होता, बार पुरे होण्याआधीच उतरला. भटूची आई यशोदाबाईही तेच म्हणायची. म्हणून भटूनं सुरुंगाच्या दारूला हात लावला नाही. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. तिथं कोळसा हवेनं फोडायचे. पोलादी नळी भोकात बसवायची, तिच्यात हवा दाबून भरायची आणि एकदम सोडायची. आग नाही, धूर नाही. तसल्या पाच नळ्या आणि कॉम्प्रेसर तो ठेकेदाराकडून मागून घेऊन आला.

भर दुपारी पाचही नळ्या एकामागून एक सुटल्या. माळ्यावरून कापसाचं गाठोडं पडावं तसा दबका आवाज. काठावर उभ्या आबानं सवयीनं मोजले. पाच. कॉम्प्रेसर बंद झाला. भटूनं कमरेला दोर बांधला.

आणि खालून सहावा आवाज आला.

हा दबका नव्हता. खणखणीत, दारूचा बार. पण धूर आला नाही, एक खडाही उडाला नाही. आबा भटूकडं वळला.

“ऐकं का?”

“खडक बठना व्हई, आबा,” भटू म्हणाला. “हवा शे, दारू नही. तठे काय उरस?”

त्यानं कडेवरून पाय खाली सोडला. आबानं दोर दोन्ही हातांनी धरला.

“उतरू नको! तुना बाप उतावळा नव्हता. मना चुकीमुये मरना तो.”

त्या दिवशीही सुरुंग पाचच होते. वाती जळत होत्या, एकही बार झाला नव्हता, आणि आबाच्या तोंडून सवयीनं ‘लाभ’ निघून गेलं. पहिल्या बाराला तो ‘दोन’ म्हणाला. बार झाले चार, मोजणी भरली पाच, आणि त्यानंच वनाला ‘जा’ म्हटलं. चूक त्याला दुसऱ्या दिवशी उमगली. तोवर गावानं वनाला उतावळा ठरवलं होतं आणि आबानं ते ठरू दिलं. मेलेल्याच्या माथी मारणं सोपं; तो काही भांडायला येत नाही.

भटू कडेवरून मागं सरला. आबाच्या तोंडात मारावी की काय करावं, हे त्याला कळेना. तेवढ्यात विहिरीची कड खचली आणि तो उतरणार होता नेमक्या त्याच जागी गाडीभर दगड कोसळले.

यशोदाबाई काठाशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं आबाकडं पाहिलंही नाही.

“बारा वरीस मी त्यासले शिव्या दिध्यात, भाऊ,” ती आबाला म्हणाली.

मग ती विहिरीवर वाकली. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं.

“वना,” तिनं हाक मारली, “मी चुकनू.”